दडे बसलेले कान आणि तांबट आळीतलं बाळंतपण

नळी पोटावर ठेवली, वाकून कान लावला, डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही.

नळी चार बोटं खाली सरकवली. पुन्हा कान लावला. पुन्हा तेच. बाजेवर निजलेली यमुना टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती. अडलेल्या बाईला नर्सचं तोंड फार लवकर वाचता येतं. म्हणून आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवत की काहीही झालं तरी चेहरा कोरा ठेवायचा. माझा त्या दिवशी राहिला नसावा.

"नर्सबाई, आहे ना?" तिनं विचारलं.

"थांब जरा. अजून बघते," मी म्हणाले.

ती काय विचारत होती हे मला नेमकं कळत होतं. मागच्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, आणि ते असं झालं. ती जागा लाभली नाही म्हणून या खेपेला सासूनं तिला पाठवलंच नाही. आज पहाटेपासून कळा चालू होत्या आणि पोटातली हालचाल थांबल्यासारखी झाली होती. तेव्हा तिच्या त्या तीन शब्दांत सगळं आलं.

ही गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी नाशकात बायकांच्या एका दवाखान्यात नर्स होते. पोटातल्या बाळाची खबर घ्यायला आजच्यासारखी यंत्रं तेव्हा नव्हती. आमच्याकडे एक लाकडी नळी असे. वीतभर लांब, मधे बारीक, दोन्ही टोकांना पसरट. एक तोंड आईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या तोंडाला आपला कान. जागा बरोबर सापडली की उशीखाली घड्याळ ठेवल्यावर येते तशी टिकटिक ऐकू येते, लगबगीची. बाळाचं काळीज आईच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं चालतं. वेग चांगला असला तर स्वस्थ बसायचं. मंदावला तर बाळ दमलंय असं समजून डॉक्टरला बोलवायचं आणि वेळ पडली तर चिमटे लावून सोडवायचं. आणि आवाजच नसला तर मग कसलीच घाई नाही, फक्त आईला सांभाळायचं. पुढचं सगळं त्या एका आवाजावर ठरे.

आता माझ्या कानांविषयी सांगायला हवं.

पौष महिना होता. मी पंचवटीत एका खोलीत राहत असे आणि त्या खोलीला नदीवरून येणारा सगळा वारा लागे. मला जबर सर्दी झाली. सर्दी उतरली, नाक मोकळं झालं, पण कानाला दडे बसले. कानात कुणी कापसाचा बोळा कोंबून ठेवावा तसं वाटे. आपलंच बोलणं आपल्याला डोक्याच्या आत घुमताना ऐकू येई. त्यातच गरगरू लागलं. आदल्या दिवशी वॉर्डात खाली पडलेलं फडकं उचलायला वाकले, तर फरशीच एका बाजूला कलली. मी कॉटचा दांडा धरून उभी राहिले. नेमक्या तेव्हाच आमच्या डॉक्टरीणबाई आत आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या दवाखान्याच्या मुख्य. बोलायच्या इतक्या हळू, की वॉर्डातली बाई कण्हायची थांबे. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं आणि त्याची गरजही पडत नसे.

"काय झालं?"

"काही नाही बाई. जरा गरगरलं."

"सर्दी झाली होती ना तुम्हाला? कान कसे आहेत?"

"डावा बंद आहे. उजवा चांगला आहे."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, उजेडाकडे मान करायला लावून कान पाहिला आणि समजावून सांगितलं. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक वाट जाते. कानातली हवा त्या वाटेनं आतबाहेर करते. सर्दीनं ती वाट सुजते, हवा कोंडते आणि पडदा आत ओढला जातो. म्हणून ऐकू कमी येतं. शरीराचा तोल सांभाळायची जागाही कानाच्याच आत असते, तिचीही कुरबुर होते, म्हणून गरगरतं. सूज उतरली की दोन्ही आपोआप बरं होतं.

"वाफ घ्या. घोट घोट गरम पाणी प्या, गिळताना ती वाट उघडते. जांभई आली तर दाबू नका. नाक जोरात शिंकरायचं नाही. मान झटकन वळवायची नाही, उठताना आधी बसायचं. गरगरलं तर एका वस्तूवर नजर ठेवायची. आणि कानात काही घालायचं नाही. तेल नाही, लसूण नाही, कांद्याचा रस नाही. कुणीही सांगितलं तरी नाही."

"बरं."

"उद्या रजा घ्या."

"दुसरी नर्स सिन्नरला केसवर गेली आहे, बाई."

"मग उजव्या कानानं काम करा," त्या म्हणाल्या.

इथवर सगळं रीतसर होतं. रात्री वाफ घेतली, उशी उंच करून निजले. सकाळी उठले तर डावा कान होता तसाच, पण डोकं हलकं वाटत होतं. तेवढ्यात तांबट आळीतून बोलावणं आलं. टांग्यात मागच्या बाजूला, उलट्या तोंडानं बसावं लागलं, तेव्हा पुलावरून जाताना पुन्हा गरगरलं. मी पुलाच्या कठड्यावर नजर रोवून बसले आणि कशीबशी पोचले.

तांबट आळी म्हणजे सकाळपासून ठोक्यांचा पाऊस. हंडे, कळश्या, घंगाळं, बंब, सगळं हातानं ठोकून घडवायचं. एकेका ओट्यावर दोन-दोन माणसं बसून तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करतात. मठारकाम म्हणजे हातोडीचे एकसारखे, शेजारीशेजारी ठोके घालत भांडं पक्कं करायचं आणि त्यावर चकाकी आणायची. माझा टांगा आळीत शिरला तेव्हा ते ठोके मला गोधडीतून आल्यासारखे वाटले. थंडीमुळे मी पदर कानावरून घट्ट गुंडाळला होता. मी पदराला दोष दिला आणि पुढे गेले.

आणि इथेच फसगत झाली. जन्मभर ठोक्यांत बसून त्या आळीतल्या पुरुषांचे कान मंद झालेले असतात. त्यांच्याशी बोलून बोलून बायकांचे आवाज चढलेले असतात. त्या आळीत गुपित असं काही राहूच शकत नाही. कानात सांगायचं म्हटलं तरी पलीकडच्या चार घरांना कळतं. यमुनाची सासू भागूबाई दारातच माझ्याशी बोलायला लागल्या आणि मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. मला वाटलं, चला, आपला उजवा कान ठणठणीत आहे. रात्रीतून तोही बसला होता, हे मला कळायला त्या आळीत काही मार्गच नव्हता.

मी हातपाय धुतले, बॅग उघडली, नळी काढली. आळीचा एक चांगला रिवाज होता. कुणाच्या घरी बाई अडली आणि नर्सनं नळी काढली की सगळ्यांनी हातोड्या खाली ठेवायच्या. ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून घरातल्या बाईनं दारात उभं राहून पांढरं फडकं हलवायचं. भागूबाईंनी फडकं हलवलं. एकेका ओट्यावरचे हात थांबत गेले. सगळी माणसं काम सोडून आमच्या दाराकडे बघत बसली. अशा शांततेत मी नळीला कान लावला आणि मला काही ऐकू आलं नाही.

खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं. यमुना विशीतली पोर. कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. मागच्या वेळी तिला कुणी आणि कसं सांगितलं असेल, आणि आज ते मला सांगावं लागणार. तोंड लपवायला म्हणून मी खिडकीकडे पाहिलं.

समोरच्या ओट्यावरचा एक तांबट मांडीवरचा मोठा हंडा खाली ठेवत होता. त्याच्या हातून तो निसटला आणि दगडावर आपटला. शेजारचा माणूस दचकला, त्यानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. हंडा गडगडत पायरीपर्यंत गेला. मला यातलं काहीही ऐकू आलं नाही.

मी नळी घेऊन उभी राहिले. अर्थातच झटकन उठल्यामुळे खोली फिरली. बाजेचा खूर धरून थांबले.

"भागूबाई, इकडे या. जरा छातीवर नळी ठेवू द्या."

"माझ्या? मला काय धाड भरलीया?" भागूबाई मूळच्या विंचूरकडच्या. आळीत उभा जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

"बघू तरी द्या."

नळी ठेवली, उजवा कान लावला. काही नाही. डावा लावला. काही नाही. भागूबाई माझ्यासमोर धडधाकट उभ्या होत्या, मला चार शब्द सुनावतही होत्या, आणि नळीच्या हिशेबानं त्या कधीच वारल्या होत्या.

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे हात धरले. त्यांना वाटलं, नर्सबाईला वेड लागलं.

मी यमुनाच्या उशाशी बसले. "हे बघ, माझे दोन्ही कान सर्दीनं बंद झालेत. बाळाचं मला अजून काहीच कळलेलं नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही."

"म्हणजे असेल?"

"असेल. पण ते ऐकायला मला दुसऱ्या कुणाचा तरी कान पाहिजे."

शेजारच्या एका गृहस्थाला डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तो परत आला तो निरोप घेऊन, की बाई ऑपरेशनला उभ्या आहेत, आटोपलं की येतील. म्हणजे दुपार होणार. तोवर बाळ दमत असलं तर ते आम्हाला कळायला हवं होतं.

"मी कशाला हाये मग?" भागूबाई म्हणाल्या. "आधी तुमच्याच कानात लसणाचं कडवलेलं तेल घालते. आत्ता उघडंल."

"तेल नको."

"माझ्या सासूनं समद्या आळीच्या कानात घातलं व्हतं."

"म्हणूनच आळीची ही तऱ्हा आहे," मी म्हणाले. "तेल राहू द्या. तुम्ही नळीला कान लावा. जसा ठोका ऐकू येईल तसंच बाजेवर बोटानं वाजवून दाखवा. मी मोजते."

युक्ती साधी होती. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. ऐकणाऱ्यानं बोट वाजवायचं, मी त्या बोटावर नजर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं यमुनाची नाडी धरायची. बोट नाडीच्या चालीनं चाललं तर तो आईच्याच रक्ताचा आवाज. नाडीपेक्षा पुष्कळ जलद चाललं तर ते बाळ.

भागूबाई वाकल्या. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. "येतंय की. चांगलं वाजतंय," त्या म्हणाल्या आणि बोट चालवू लागल्या. दोन भरभर, मग एक सावकाश, मग थांबा, मग तीन. कुठलंच काळीज असं चालत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझी नजर टाळली आणि सुनेच्या केसांवरून हात फिरवला. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पोरीला घोर लागू नये म्हणून ती म्हातारी खोटं बोट वाजवत होती. एरवी सुनेला चहात साखर जास्त पडली म्हणून बोलणारी ती बाई, पण त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

यमुनालाही ते कळलं असावं. मान दुसरीकडे वळवून ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

ती पुन्हा पुटपुटली.

"मोठ्यानं बोल गं, मला ऐकू येत नाही."

"मला बी नाय आलं," भागूबाई म्हणाल्या.

यमुनाचा चेहरा लाल झाला. एक कळ आली, ती तिनं दात आवळून सोसली, आणि कळ ओसरताच सगळा धीर गोळा करून ती ओरडली, "ह्यांना बोलवा. हे रोज ऐकतात. पोटाला कान लावून ऐकतात."

आळीतल्या हातोड्या अजून खालीच होत्या. तेव्हा हे वाक्य आमच्याबरोबर सगळ्या आळीनं ऐकलं. समोरच्या ओट्यावरचे दोघे एकदम आपापल्या भांड्यात काहीतरी शोधायला लागले.

त्या काळात वडीलधाऱ्यांसमोर नवराबायको एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. भागूबाई थक्क होऊन सुनेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला? त्याच्या कानाशी नगारा वाजिवला तरी कळत नाय."

"त्यांना बोललेलं नाही कळत. हे कळतं," यमुना म्हणाली.

मला काही खात्री वाटत नव्हती. पण नवराबायकोमध्ये जे रोज घडतं त्याबद्दल नर्सनं शंका काढू नये. मी यमुनाच्या अंगावर नीट चादर घातली, पोटापुरती जागा मोकळी ठेवली आणि भागूबाईंना म्हणाले, "बोलवा."

दत्तू आला तो उंबऱ्यातच थांबला. भक्कम खांद्यांचा माणूस, हातांवर तांब्याचा काळपट राप. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तो स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला.

"आत ये," भागूबाई ओरडल्या.

"आत?"

"आत म्हंजी आत. आन् ऐक. रोज ऐकतूस म्हणं."

त्याची मान आणखी खाली गेली. मी पुढे होऊन त्याला हाताला धरून बाजेपाशी बसवलं. काय करायचं ते खुणांनी आणि मोठ्यानं समजावलं. त्यानं नळीला कान लावला. मी यमुनाचं मनगट धरलं. तिची नाडी माझ्या बोटांखाली चालू होती. दत्तूचं बोट बाजेवर वाजायला लागलं.

बोट आणि नाडी एका चालीनं चालत होती. अगदी बरोबर.

नळीतून फक्त आईचं रक्त ऐकू येत होतं. मी काही बोलायच्या आत दत्तूनं डोकं वर केलं.

"हे हिचं," तो त्याच्या त्या आळीच्या आवाजात म्हणाला. "त्याचं इथं नसतं. खाली असतं, डावीकडं. निजताना तिथंच असतं."

मी नळी त्यानं दाखवलेल्या जागी नेली. मी ऐकायला धरलेल्या जागेपासून ती बरीच लांब होती. तो पुन्हा वाकला. बोट बाजेवर टेकलेलं, हलत नव्हतं. भागूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. यमुना आता माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या बोटाकडे बघत होती.

बोट हललं. मग चालायला लागलं. जलद, एकसारखं, जन्मभर मठारकाम केलेल्या हाताचं. माझ्या बोटांखाली आईची नाडी आपल्या चालीनं चालली होती आणि ते बोट तिच्या पुढे पळत होतं.

"आहे," दत्तू म्हणाला.

यमुना रडायला लागली. भागूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात नळी होती आणि दुसऱ्यात नाडी.

रीतीप्रमाणे दत्तूनं आता बाहेर जायला हवं होतं. मी त्याला जाऊ दिलं नाही. मधला मार्ग काढला. तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. कळ ओसरली की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवी. तो वळे, नळीला कान लावी, बोट चालवी आणि परत भिंतीकडे तोंड करून बसे. भागूबाईंनी एकदा नुसतं म्हटलं, "जग लई बदललं." पण त्याला प्यायला पाणी त्यांनीच आणून दिलं.

दुपारपर्यंत बरं चाललं. मग एका मोठ्या कळेनंतर दत्तूनं कान लावला आणि त्याचं बोट थबकत थबकत वाजलं. आईच्या नाडीच्या जेमतेम बरोबरीनं. त्याला यातलं शास्त्र काही ठाऊक नव्हतं, पण रोज ऐकलेला आवाज असा नसतो हे त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तो चेहरा अजून विसरलेले नाही.

अशा वेळी बहुतेकदा बाळाची नाळ कुठेतरी दाबली जात असते. मी यमुनाला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी दिली आणि दत्तूला पुन्हा ऐकायला बसवलं. बोट तसंच मंद. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. हळूहळू ते सुटं झालं, मग चालायला लागलं, मग पळायला लागलं. पुढच्या कळेला पुन्हा मंदावलं, पण या वेळी लवकर सावरलं. आता वाट बघण्यात शहाणपणा नव्हता. तपासलं तर बाळाची वाट पूर्ण मोकळी झाली होती. दत्तूला बाहेर पाठवलं आणि यमुनाला जोर करायला सांगितलं.

आणि मला गरगरायला लागलं. वाकले की खोली भोवऱ्यासारखी फिरे. उभं राहून हे होणार नाही हे माझ्या ध्यानात आलं. यमुनाला बाजेवरून खाली सतरंजीवर घेतलं. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसकण मारली आणि भागूबाईंना माझे खांदे घट्ट धरायला सांगितलं. एका वस्तूवर नजर ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मला त्या वेळी बघायची वस्तू एकच होती. केसांचा काळा ठिपका दिसत होता, मी त्याच्यावरून नजर हलवली नाही.

डोकं बाहेर आलं. गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. तोच इतका वेळ छळत होता. बोट आत सरकवून वेढा सैल केला, डोक्यावरून काढला. पुढच्या जोरासरशी बाळ माझ्या मांडीवर आलं. निळसर, लुळं. तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग त्याचा चेहरा आक्रसला आणि तोंड उघडलं.

मला रडणं ऐकू आलं नाही, दिसलं. आवाज निघाला की नाही हे बघायला मी मान वळवून भागूबाईंकडे पाहिलं. माझे खांदे तसेच घट्ट धरून त्या हसत होत्या.

"खणखणीत हाये," त्या माझ्या कानाशी ओरडल्या. "पोरगी हाये."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वारही पडून गेली होती. त्यांनी यमुनाला तपासलं, बाळाला तपासलं, मग मला.

"उजवाही बंद आहे?" त्यांनी कागदावर लिहून विचारलं, कारण त्यांचा आवाज मला अजिबात येत नव्हता. "मग ठोके कुणी ऐकले?"

"बापानं."

मग बाहेर ओट्यावर जाऊन त्यांनी दत्तूला काहीतरी विचारलं. तो नुसता बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेला आमच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या. मला आत ऐकू आलं, म्हणजे चांगल्याच ओरडल्या. "शाब्बास, असं म्हणतेय मी," एवढंच ते वाक्य होतं.

परतताना टांग्यात त्यांनी मला लिहून समजावलं. ठोक्यांत बसणाऱ्यांना बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बोलण्यातली अक्षरं, पाखरं, बांगड्या. जाड, खालचे आवाज मागे राहतात. बाळाचं काळीज त्या मागे राहिलेल्या आवाजांतलं. दत्तूला बायकोचं बोलणं धड ऐकू येत नसे, आणि म्हणूनच बहुधा तो रोज जे ऐकू येतं ते ऐकायला तिच्या पोटाशी कान नेत असे. हे शेवटचं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं नव्हतं. ते मला वाटलं.

मला आठवडाभर रजा मिळाली. वाफ, गरम पाणी, उंच उशी आणि सावकाश मान. गरगर दोन-तीन दिवसांत थांबली. कान मात्र हट्टी. शेवटी पंचवटीत एका देवळात कीर्तनाला बसले असताना मोठी जांभई आली, सांगितल्याप्रमाणे मी ती दाबली नाही, आणि कानात टप् झालं. एकदम सगळं जग आत शिरलं. बुवा माझ्याकडे रागानं बघत होते. त्यांना काय सांगणार?

रजेतच मी यमुनाला बघायला गेले. बाप वडीलधाऱ्यांसमोर पोर घेत नसे, आणि बारसंही व्हायचं होतं. दत्तू उंबऱ्याबाहेर उभा राहून आत बघत होता. भागूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुपट्यासकट नातीला त्याच्यापुढे धरलं.

"घे. आमच्या आधी तुझीच वळख हाये तिच्याशी."

त्यानं हात लावला नाही. तो वाकला आणि तिच्या छातीला कान लावून उभा राहिला. इतका वेळ की भागूबाईंचे हात भरून आले. पण त्यांनी त्याला पुरे म्हटलं नाही.

पुढे माझ्या हाताखाली पुष्कळ मुली शिकल्या. सर्दी झालेल्या प्रत्येकीला मी सांगे की नळी आधी घरातल्या एखाद्या चालत्याबोलत्या माणसाच्या छातीवर ठेवून बघा. ते माणूस मेलेलं निघालं, तर बाळाबद्दल अवाक्षर काढू नका आणि दुसरा कान शोधा. 'ऐकू येत नाही' एवढंच आपल्याला म्हणता येतं. 'नाही' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. निदान सर्दी असेपर्यंत तरी नाही.